नसीमच्या टोपीवरची पाच नाणी

विमान खाली यायला लागलं तेव्हा खिडकीतून समुद्र दिसला, आणि समुद्र संपला तिथूनच काचेच्या इमारती सुरू झाल्या. मधे काही म्हणजे काही नाही. मी कराडचा माणूस. आमच्याकडे गाव लागायच्या आधी उसाचं शेत लागतं, मग रसवंती, मग पंक्चरवाला, आणि मग कुठे गाव. दोह्याला वेसच नाही. वाळूतून एकदम पन्नास मजले उभे. मी आ वासून बघत बसलो, तेव्हा शेजारच्या माणसाने मला पट्टा बांधायची आठवण केली.

पासपोर्टवर शिक्का मारून घ्यायला रांगेत उभा होतो, तर मागून आवाज आला, "गाव कुठलं?" चक्क मराठीत. वळून बघतो तर वसईचे एक गृहस्थ, इथल्या दवाखान्यात नोकरीला. माझ्या हातातल्या पिशवीवरचं दुकानाचं नाव वाचून त्यांनी ओळखलं होतं. नाव नाही, गाव. आपल्या माणसांची ही खोड कतारला आली तरी सुटलेली नाही. पुढे मला जो जो मराठी माणूस भेटला त्याने आधी गावच विचारलं. मी दर वेळी "कराड" म्हणून मोकळा झालो. हे उत्तर तोंडात तयार असणं केवढी चैन आहे, ते कळायला मला एक पठाण भेटावा लागला.

माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. आता घड्याळ दुरुस्त करून घेतो कोण? म्हणून दिवसभर डोळ्याला भिंग लावून मी जुनी तांब्याची नाणी बघतो. शिवराई, मोगली दाम, संस्थानांचे पैसे, जे हाती लागेल ते. फारसी अक्षरं मी नाण्यांवरूनच शिकलो. बायको म्हणते, "घड्याळं बंद पडली आणि ह्यांची नाणी चालू झाली." तिला विमानाची भीती, म्हणून मी एकटाच धाकट्या बहिणीकडे, सुमनकडे, आलो होतो. निघताना शर्टाच्या खिशात भिंग टाकलं होतं. दोह्यात त्याचं काम पडेल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं.

सुमन आणि दाजी अल मन्सूरा भागात राहतात. ह्या काचेच्या शहरात असा एक भाग असेल ही कल्पनाच नव्हती. जुन्या चारमजली इमारती, खाली किराणा, डोसा, इस्त्रीवाला, आणि कोपऱ्यावर कढीपत्त्याची जुडी. मेट्रोतून वर आलो आणि फोडणीचा वास आला, तेव्हा मला खरंच गलबलून आलं. सुमनने पिठलं केलं होतं आणि भाकरीऐवजी खुबूस (इथली मैद्याची मऊ रोटी). मी कुरकुर करत चार खाल्ल्या.

तिच्या फ्रिजवर लोणच्याची एक रिकामी बरणी होती, नाण्यांनी अर्धी भरलेली. मी लगेच भिंग काढलं. दाजी हसले. "दादा, त्यात तुमच्या कामाचं काही न्हाई. येताजाता उरलेली चिल्लर हाय. दुबईची, मस्कतची, एकदा थायलंडला गेलो तिथली. कुठं चालत न्हाई आणि टाकवत बी न्हाई." मी बरणी परत ठेवली.

दाजी उम्म सलाल मोहम्मदला एका ट्रकच्या यार्डात देखभालीचं काम बघतात. दुसऱ्या दिवशी ते मला सोबत घेऊन गेले. दोह्याच्या उत्तरेला हे गाव. जुना मातकट बुरूज, खजुराच्या बागा, बसकी घरं, आणि पलीकडे एवढाले ट्रेलर रांगेने उभे. जमीन इतकी सपाट की डोळा कुठे टेकवावा कळेना. यार्डाच्या सावलीत दाजींनी करक (वेलदोडा घालून खूप उकळलेला दाट चहा) मागवला आणि चारचौघांत माझी कीर्ती सांगायला सुरुवात केली. "हे आमचे मेव्हणे. जुनं नाणं नुसतं हातात घेतलं की कुठल्या राजाचं ते सांगतात." मी नको नको म्हणत होतो, पण खोटं कशाला बोलू, बरं वाटत होतं.

तेवढ्यात कोपऱ्यातला एक उंच, पिकल्या दाढीचा माणूस उठून माझ्यासमोर येऊन बसला. दाजी म्हणाले, "हा नसीम. सौदीच्या सीमेपर्यंत ट्रेलर नेतो. पठाण हाय, पण आवाज चढवलेला मी कधी ऐकला न्हाई." नसीम माझ्याशी हिंदीत बोलला. इथे मी ते बहुतेक मराठीतच लिहितो.

"उस्ताद, तांब्याचं नाणं बघून शहर सांगता येतं?"

"येतं की," मी म्हणालो. "नाण्यावर जर्ब असा शब्द असतो, म्हणजे शिक्का मारला. त्याच्या पुढे गावाचं नाव."

तो उठून त्याच्या ट्रेलरकडे गेला आणि एक पुरचुंडी घेऊन आला. आत निळ्या मखमलीची चिंधी आणि पाच नाणी. जाडजूड, वेडीवाकडी, हातोड्याने ठोकलेली, सगळी शेणाच्या गोवरीसारखी काळपट. प्रत्येकाला कडेला भोक. अफगाणी फलूस (तांब्याचे पैसे). आजवर पुस्तकात चित्रं पाहिली होती, आणि इथे हा ट्रकवाला ती सीटखाली घेऊन फिरत होता.

"माझ्या टोपीवर होती," नसीम म्हणाला. "लहान होतो तेव्हा. आईने शिवली होती. तिच्या टोपीवर पण हीच होती म्हणे. नजर लागू नये म्हणून आमच्यात लावतात."

मग त्याने जे सांगितलं ते ऐकून माझ्या हातातला चहा तसाच राहिला. अफगाणी सीमा ओलांडून मायलेक निर्वासितांच्या छावणीत आले तेव्हा बाप आधीच गेलेला होता. आई छावणीतच वारली. हा इतका लहान की आपलं गाव विचारून ठेवायचं असतं हे त्याला ठाऊक नव्हतं. शेजारच्या तंबूतल्यांनी वाढवलं. त्यांनाही माहीत नव्हतं. आता मुलगी लग्नाची झाली आहे, क्वेट्ट्यातलं एक घर चांगलं आहे, मुलगा चांगला आहे, पण मुलाचे आजोबा जुन्या वळणाचे. ते एकच विचारतात, तुम्ही मूळचे कुठले? छावणी हे उत्तर त्यांना चालत नाही. शुक्रवारनंतरच्या शुक्रवारी ते बोलणी करायला बसणार आहेत, आणि नसीम इथून फोनवर.

"मला फक्त एक नाव पाहिजे, उस्ताद," तो म्हणाला.

मी पन्नाशी ओलांडलेला माणूस, पण गाव विचारायला कुणी उरलं नाही असा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. आणि अशा वेळी माणसाने गप्प बसावं, तर मी भिंग लावलं. मळाखाली एका नाण्यावर दोन टिंबं आणि एक गोलाई दिसल्यासारखी वाटली. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

"कंदहार दिसतंय," मी म्हणालो.

वर पुस्तकी ज्ञानही पाजळलं. जुन्या काळी तिकडे तांब्याचा पैसा ज्या शहरात पाडला त्याच शहरात चालायचा. वेशीबाहेर त्याला कुणी विचारत नसे. म्हणजे पाच पैसे एका घरात सापडले तर पाचही एकाच गावचे, आणि घरही त्या गावचं. "तरी मला दिवसाच्या तिरप्या उन्हात नीट बघू दे. परवा शुक्रवारी पक्कं सांगतो."

नसीमने पुरचुंडी माझ्याकडे दिली आणि दोन्ही हातांनी माझा हात धरला. मग ट्रेलरच्या सावलीत सतरंजी घालून त्याने आम्हाला जेवायला बसवलं. त्याच्या खोलीवरून आणलेला पुलाव, त्यात गाजर आणि मनुका, वर मटणाचे तुकडे. गोड मनुका आणि मटण एका घासात, मला आधी कसंसंच झालं, मग मी ताट पुसून खाल्लं. दाजी परतीच्या वाटेवर म्हणाले, "पानिपतच्या वेळची असतील का हो?" मी म्हणालो, "दाजी, पठाण दिसला की पानिपत काढायलाच पाहिजे का?" ते गाडी चालवत हसत राहिले.

शुक्रवारी सकाळी मी पुरचुंडी सोडून पाचही नाणी एका ताटलीत मांडली आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली. ऊन तिथे यायला थोडा वेळ होता. फोटोही तेव्हाच काढू म्हटलं, कारण ट्यूबलाइटखाली काढलेल्या फोटोत नुसता कोळसा दिसत होता. दाजी म्हणाले, "यल्ला (चला), तवर दूध आणू." आम्ही खाली गेलो. तिथे एक लातूरचा सुतार भेटला, त्याने गाव विचारलं, गप्पा लांबल्या.

वर आलो तर सुमन ओट्यापाशी फडक्याने हात पुसत होती. खिडकीत तिचा देवाचा तांब्या, पळी, ताम्हण लखलखत होतं. आणि शेजारी ताटलीत पाच चकत्या, नव्या घागरीसारख्या चकचकीत.

मला आधी कळलंच नाही मी काय बघतोय. मग बेसिनमध्ये चिंचेचा कोळ आणि मीठ दिसलं. मी स्टुलावर बसलो.

"अरे दादा, असा काय बघतोस?" सुमन म्हणाली. "भांडी घासायला काढलीच होती, म्हटलं हीपण घासून टाकावी. किती काळी झाली होती. दुसऱ्याची वस्तू घरी आली की परत देताना स्वच्छ करून द्यावी, आईने काय शिकवलंय आपल्याला?"

मी तिला नको नको ते बोललो. अगं बाई, जुन्या नाण्याचं अक्षर कित्येकदा त्या काळ्या थरातच उरलेलं असतं, खालचा धातू झिजून गेलेला असतो. शेकडो वर्षांनी ठेवलेलं तू नारळाच्या शेंडीने खरवडून काढलंस. त्या माणसाच्या आईची तेवढी एकच खूण. ती ऐकत उभी राहिली. मग तिने विचारलं, "आई नाही का त्याला?" मी सांगितलं. ती पदराने डोळे टिपायला लागली, आणि माझा राग कुठे ठेवू ते मला कळेना, कारण आईने तसंच शिकवलं होतं हे खरंच होतं. आमच्या घरून शेजारच्यांचं भांडं कधी मळकं गेलं नाही.

दाजी म्हणाले, "खलास. झालं ते झालं. आता भिंग लावून बघा तरी काय उरलंय."

ऊन खिडकीत आलं होतं. मी पहिलं नाणं तिरपं धरलं. दोन टिंबं, गोलाई. कंदहार. जीव भांड्यात पडला. दुसरं घेतलं, तर शेवटच्या अक्षराची वाकडी शेपटी, आणि तिच्याआधी कंदहारात बसेल असं काहीच नाही. ती काबुलची शेपटी होती. मी भिंग पुसून पुन्हा बघितलं. तिसऱ्यावर तीन टिंबांचे दोन झुबके. हे पेशावर. चौथं आणि पाचवं दोन्हीकडून गुळगुळीत, माझ्या बहिणीच्या कृपेने. पण घासल्यामुळे आता रंग दिसत होता. एक पिवळसर झाक मारणारं, दुसरं गर्द विटकरी. ही दोन आपसातही जुळत नव्हती आणि आधीच्या तिघांशीही नाही. मळ होता तोवर पाचही भाऊभाऊ वाटत होते. चिंचेने धुतल्यावर पाच घरची पाच निघाली.

कंदहार म्हणून मोकळा झालो होतो तो मी. एक नाव पाहिजे म्हणणाऱ्या माणसाला आता काय सांगायचं?

नसीम जुम्म्याची नमाज आटोपून आला. पांढरे कडक कपडे, हातात खजुराचा डबा. सुमनने पुढे होऊन ताटली त्याच्यासमोर ठेवली आणि मोडक्या हिंदीत म्हणाली, "भाईसाब, मैंने घिस दिया. मेरी गलती है."

तो ताटलीकडे नुसता बघत राहिला. एक नाणं उचलून त्याने पालथं केलं, सरळ केलं. शेवटी म्हणाला, "काही हरकत नाही बहेनजी. नाव तर मिळालं. मी त्याच रात्री घरी फोन केला, मुलीला सांगितलं, आपण कंदहारचे. ती किती वेळ रडत होती."

दाजींनी माझ्याकडे बघितलं आणि नजर खाली घातली. त्या क्षणी मी होय म्हटलं असतं तर कुणाला कळलं असतं? दोन नाणी गुळगुळीतच होती. पण एक घड्याळवाला म्हणून सांगतो, बंद घड्याळाचे काटे हाताने फिरवून गिऱ्हाइकाला द्यायचे मला कधी जमलं नाही.

"नसीमभाई," मी म्हणालो, "मी घाई केली. एक कंदहारचं आहे. एक काबुलचं, एक पेशावरचं. राहिलेली दोन कुठली ते आता कुणीच सांगू शकणार नाही. पण ती आणखी वेगळ्याच गावांची दिसतात."

"मग आम्ही कुठले?" त्याने अगदी हळू विचारलं.

मी मान वळवली ती सुमनच्या फ्रिजकडे, आणि ती लोणच्याची बरणी माझ्या डोळ्यांसमोर होती. दुबईची, मस्कतची, थायलंडची. कुठं चालत न्हाई आणि टाकवत बी न्हाई. मी उठून बरणी आणली आणि ताटलीशेजारी ठेवली.

"हे बघा. ही इथली नाणी नाहीत, पण घर तर एकच आहे. कुणाच्या घरी पाच गावची चिल्लर साठते? जो गावात बसून असतो त्याच्या नाही. वेशीबाहेर न चालणारा पैसा खिशात उरतो तो वेस ओलांडून जाणाऱ्याच्या. उरलेला पैसा बाजारात चालेना, म्हणून भोक पाडून पोराच्या टोपीला लावला. तुमचे लोक ह्या सगळ्या गावांतून जाणारे होते, नसीमभाई. माल नेणारे असतील."

नसीम बरणीकडे बघत होता. तो म्हणाला, "माँ कहती थी, नाना के ऊँट थे. मैं समझता था, बच्चे को बहलाती है." मग त्याने स्टिअरिंग धरून घट्टे पडलेल्या आपल्या हातांकडे बघितलं.

पण त्याचं काम झालं नव्हतं हे आम्हा सगळ्यांना कळत होतं. क्वेट्ट्याच्या म्हाताऱ्याला एक गाव हवं होतं. उंट नव्हे.

सुमनने विचारलं, "टोपी करून दिली तर चालेल का?" तिच्याकडे ब्लाउजपीसचं निळं मखमल होतं. दोन दिवस ती शिवत बसली, पुरचुंडीतली जुनी चिंधी आत अस्तराला लावून. नाणी मी सांगितलेल्या क्रमाने लावली, कंदहार, मग एक कोरं, मग काबुल, मग दुसरं कोरं, शेवटी पेशावर. कोरी मधे लावली ती केवळ दोन शेजारी शेजारी वाईट दिसत होती म्हणून. नसीम न्यायला आला तेव्हा त्याने टोपी फिरवून बघितली आणि खिशातून कतारचं एक पन्नास दिरहमचं, म्हणजे अर्ध्या रियालचं, नाणं काढलं. "बहेनजी, हे पण लावून द्या. हेही वाटेतच लागलं." भोक दाजींनी पाडलं.

परतीच्या दिवशी नसीमच मला विमानतळावर सोडायला आला. बोलणी तीन दिवसांवर आली होती. मी म्हणालो, "पेशावर सांगा, नाहीतर कंदहार सांगा, दोन्ही खोटं नाही." तो म्हणाला, "बघतो, उस्ताद. इन्शाल्ला." काचेतून मागे वळून बघितलं तेव्हा तो गाडीला टेकून उभाच होता.

कराडला येऊन दुकान उघडलं. शनिवारी सुमनचा फोन आला. ती बोलत होती आणि मी हातातलं घड्याळ खाली ठेवून ऐकत होतो. म्हाताऱ्याने फोनवर विचारलंच, तुम्ही मूळचे कुठले? नसीमने टोपी कॅमेऱ्यासमोर धरली आणि सांगितलं, आम्हाला गाव नाही, आम्ही रस्त्याचे. मग म्हाताऱ्याने विचारलं, "कोणत्या रस्त्याचे?" नसीमने एकेका नाण्यावर बोट ठेवलं. कंदहार. पुढचं कोरं होतं, तो अडखळला. तेव्हा म्हातारा म्हणाला, "थांबलास कशाला? कंदहारहून काबुलला जाताना गझनीच लागणार. माझा आजा तिथे उंट बांधायचा." मग काबुल. पुन्हा कोरं. "हे जलालाबाद," म्हातारा म्हणाला, "पुढे पेशावर. आणि ते सहावं, पांढरं, कुठलं?" नसीम म्हणाला, दोहा. लग्न ठरलं.

सुमन फोनवर रडत होती. "दादा, बरं झालं ना रे मी घासली ती?" मी तिला रागवायला तोंड उघडलं, पण हो म्हणालो.

रात्री बायकोने विचारलं, "पण ती दोन नाणी खरंच गझनीची आणि जलालाबादची होती का?" नाण्यांच्या अभ्यासात असल्या गोष्टीला कुणी पुरावा म्हणणार नाही. नुसता रंग बघून गाव ठरत नाही. आणि जलालाबादला त्या काळी टांकसाळ होती की नाही, हे मला आठवत नाही. माझ्याकडे त्याचं जाडजूड पुस्तक आहे, दुकानाच्या कपाटात, वरच्या फळीवर. मी ते अजून उघडलेलं नाही.